ऐतिहासिक इमारतीतील स्वस्त हॉस्टेल: आरक्षणापूर्वी नेमके काय विचारावे?

वळकटी (धागाकर्ती)

नमस्कार. येत्या काही महिन्यांत मी आणि माझी धाकटी बहीण अशा दोघी मिळून तीन जुन्या शहरांचा प्रवास करणार आहोत. दोघींचीही पन्नाशी उलटली आहे, खर्चाला मर्यादा आहे आणि हॉटेलच्या खोलीवर पैसे घालवण्यापेक्षा त्याच पैशांत मुक्काम दोन दिवसांनी वाढवावा, यावर आमचे एकमत आहे. त्या दृष्टीने हॉस्टेलांची चौकशी करताना असे लक्षात आले, की शहराच्या अगदी जुन्या गाभ्यात असलेली आणि तरीही परवडणारी बरीच हॉस्टेले शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या, काही तर त्याहूनही जुन्या इमारतींत आहेत.

छायाचित्रांत दगडी कमानी आणि रुंद लाकडी तुळया दिसतात आणि लगेच आरक्षण करावेसे वाटते. पण राहून आलेल्यांचे अभिप्राय वाचू लागले, की गोंधळ उडतो. एकाच हॉस्टेलबद्दल एक जण लिहितो, की इतकी शांत झोप कधी लागली नव्हती, आणि त्याच महिन्यात राहिलेला दुसरा लिहितो, की रात्रभर डोक्यावर कोणीतरी खडावा घालून येरझाऱ्या घालत होते. दोघेही खोटे बोलत नसावेत. मग फरक कशाने पडतो? माझे गुडघे दुखतात आणि बहिणीची झोप सावध आहे, या दोन गोष्टी लक्षात घेऊन ज्यांनी प्रत्यक्ष राहून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. ‘जाऊन तर बघा, मजा येईल’ एवढ्याने आमचे समाधान होणार नाही.

मुशाफिर

जुनी वास्तू आणि हॉस्टेल यांची सांगड आजकालची नाही. किंबहुना हॉस्टेल या कल्पनेचा जन्मच तेथे झाला आहे. जर्मनीतील आल्टेना येथे शिक्षक असलेले रिखार्ड शिरमान १९०९ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळी पावसात सापडले आणि त्या सर्वांना एका शाळेत रात्र काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा मुलांच्या मुक्कामासाठी का वापरू नयेत, हा विचार त्यांच्या मनात तेव्हा आला आणि पहिल्या महायुद्धाच्या आधीच आल्टेनाच्या किल्ल्यात कायमस्वरूपी युवा वसतिगृह सुरू झाले. त्या वेळच्या खोल्या, जाडजूड लाकडी खाटांसह, आज संग्रहालय म्हणून जपलेल्या आहेत.

यामागचे गणित सरळ आहे. गावातली एखादी प्रचंड वास्तू तिचे मूळ काम संपल्यावर रिकामी पडते, तिला पाडता येत नाही, दुरुस्तीचा खर्च मोठा असतो आणि घर म्हणून ती कोणालाच सोयीची नसते. हॉस्टेलला मात्र थोड्या भिंतींत पुष्कळ खाटा मावतील अशीच जागा हवी असते. न्युर्नबर्गच्या किल्ल्याजवळची ‘कैसरस्टालुंग’ ही इमारत १४९४-९५ मध्ये हान्स बेहाइम या वास्तुविशारदाने धान्याचे कोठार म्हणून बांधली, तिच्या तळाशी सम्राटाच्या लवाजम्याचे घोडे बांधले जात, दुसऱ्या महायुद्धात ती उद्ध्वस्त झाली आणि पुन्हा उभारल्यावर तिचे युवा वसतिगृह झाले. न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूवर असलेले मोठे हॉस्टेल १८८३ मध्ये निराधार वृद्ध स्त्रियांच्या निवासासाठी बांधलेल्या इमारतीत आहे. तिचा आराखडा रिचर्ड मॉरिस हंट यांचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा ज्यांनी रचला त्यांचाच. तेथे हॉस्टेल आले ते १९९० मध्ये.

मी स्वतः अशा सहा-सात ठिकाणी राहिलो आहे आणि पुन्हा राहीन. गैरसोयी असतातच, पण सकाळी दार उघडून दहा पावलांत चौकात उभे राहता येते, तेव्हा त्या विसरल्या जातात.

रातकिडा

मुशाफिर यांच्याइतकी सहनशक्ती सर्वांकडे नसते, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी ज्या हॉस्टेलात तीन रात्री काढल्या ते एकेकाळी एका धनाढ्य व्यापाऱ्याचे घर होते आणि संकेतस्थळावर त्याच्या दिवाणखान्याचे जुने चित्रही होते. प्रत्यक्षात त्या दिवाणखान्यात पातळ आडभिंती घालून चार खोल्या काढल्या होत्या. छताच्या मध्यभागी गिलाव्यात कोरलेले एक मोठे फूल होते. त्यातल्या साडेतीन पाकळ्या आमच्या खोलीत आणि उरलेल्या शेजारच्या खोलीत. मूळची उंच खिडकीही अशीच वाटून घेतलेली होती, म्हणजे उजवे तावदान आमचे आणि डावे त्यांचे. त्यांनी रात्री खिडकी उघडली की थंडी आमच्याकडे येत असे आणि त्यांच्यातल्या एकाचे घोरणे तर जणू आमच्याच उशीशी चालू होते.

याहून त्रासदायक होते ते दार. जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर आपोआप मिटणारे एक जड दार बसवलेले होते आणि पहाटे चारपर्यंत जो कोणी वर येई, तो ते सोडून देई. पहिल्या रात्री मी बावीस धडाके मोजले. खोलीत आठ जणांसाठी एकच विजेचा प्लग होता, तोही दारामागे. असल्या जागेला ‘वारसा’ म्हणून जास्तीचे पैसे का मोजायचे, हे मला आजही समजलेले नाही.

गिलावा

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम मी गेली अनेक वर्षे करतो, त्यामुळे या धाग्यावर थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह आवरत नाही. वळकटी यांनी विचारले आहे, की फरक कशाने पडतो. माझे उत्तर असे, की ‘इमारत किती जुनी आहे’ हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. ‘ती मुळात कशासाठी बांधली होती आणि माझी खोली त्या वेळी काय होती’ हे विचारावे. बांधणाऱ्याने जो हेतू मनात धरून भिंती, खिडक्या आणि जिने घातले, तो हेतू इमारत सोडत नाही. वापर बदलतो, पण ओझे, आवाज, उजेड आणि हवा यांचे मार्ग तेच राहतात.

रातकिडा यांच्या व्यापाऱ्याच्या घराचे पाहा. अशा घराचा मोठा दिवाणखाना पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठी असतो, म्हणून तो एकसंध, उंच आणि रस्त्याच्या बाजूला असतो. जुनी मुख्य भिंत विटांची किंवा दगडाची, दोन-दोन फूट जाडीची असते आणि बोलण्याचा आवाज तिच्यातून सहसा पलीकडे जात नाही. परंतु हॉस्टेलसाठी नंतर घातलेल्या आडभिंती हलक्याच ठेवाव्या लागतात, कारण खालच्या लाकडी तुळयांवर विटांच्या भिंतीचा भार टाकता येत नाही. म्हणजे ज्या घराच्या भिंती जाड म्हणून आपण जातो, तेथे आपल्या उशाशी असलेली भिंत नेमकी सर्वांत पातळ असते. पाकळ्या अर्ध्यावर तुटलेल्या दिसल्या, की ती खोली पूर्ण खोली नाही, तुकडा आहे, हे ओळखावे. आरक्षणापूर्वी छायाचित्रात छताच्या कडेची नक्षी चारही बाजूंनी फिरते की एका भिंतीपाशी अचानक संपते, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

वरून येणाऱ्या पावलांच्या आवाजाची गोष्ट निराळी आहे. बोलणे हवेतून येते, त्याला जाड भिंत अडवते. पाऊल मात्र लाकडालाच धक्का देते आणि तो धक्का तुळईतून थेट खालच्या खोलीत उतरतो. जुने कारागीर यासाठी तुळयांच्या मधल्या पोकळीत वाळू, राख किंवा भट्टीतला कीट भरून ठेवत असत. ते वजन आवाज गिळते. कित्येक ठिकाणी दुरुस्तीच्या वेळी भार कमी करण्यासाठी ही भरण काढून टाकली जाते आणि मग ‘खडावा’ ऐकू येऊ लागतात. यावर उपाय एकच: लाकडी मजल्यांची इमारत असेल, तर सर्वांत वरच्या मजल्यावरची खोली मागावी. अर्थात तेथे गुडघ्यांचा प्रश्न येतो, आणि उन्हाळ्यात उकाड्याचाही, कारण भिंत जाड असली तरी छप्पर पातळच असते.

दारांबद्दल मात्र रातकिडा यांच्याशी मी सहमत होणार नाही. जुन्या घरातला उघडा लाकडी जिना आग लागल्यास धुराड्यासारखे काम करतो. धूर काही मिनिटांत सर्व मजल्यांवर पोहोचतो. ती जड दारे धूर अडवण्यासाठी असतात आणि ती आपोआप मिटलीच पाहिजेत. ती धडकन मिटत होती, हा हॉस्टेल चालवणाऱ्यांचा आळस म्हणावा लागेल, कारण दाराच्या वरच्या हाताचा वेग स्क्रूने कमी करण्याचे काम पाच मिनिटांचे आहे. उलट, जिन्यावर असे एकही दार नसेल तर मी तेथे झोपणार नाही.

आता इतर प्रकार. शाळेच्या इमारतीत खिडक्या मोठ्या असतात, आणि जुन्या शाळांत त्या बहुधा वर्गाच्या एकाच बाजूला, मुलांच्या डाव्या हाताला येतील अशा ठेवलेल्या असतात, कारण उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली कागदावर पडू नये. त्या वर्गाची खोली झाली की उजेड भरपूर मिळतो, पण पहाटेच डोळ्यांवर येतो आणि एवढ्या काचेमुळे थंडीही आत शिरते. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलच्या गायक मुलांची १८७५ च्या सुमाराची शाळा पुढे हॉस्टेल झाली, तिच्या दर्शनी भिंतीवरची लॅटिन अक्षरांची पट्टी पाहण्यासारखी आहे. मठ किंवा धर्मशाळा असेल तर मधला चौक दिवसा रमणीय आणि रात्री वैताग आणणारा असतो, कारण चारही बाजूंच्या दगडी भिंतींत तेथील प्रत्येक गप्पा घुमतात. चौकाकडची खोली टाळावी. मुशाफिर यांनी सांगितलेली न्यूयॉर्कची इमारत मला या सर्वांत उजवी वाटते, कारण ती पहिल्यापासून पुष्कळ माणसांनी एकत्र राहण्यासाठीच बांधलेली होती.

ओलीविषयी दोन वाक्ये. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात आणि चुना ओल शोषून पुन्हा हवेत सोडतो. त्यावर कोणी सिमेंटचा गिलावा किंवा चकचकीत रंग चढवला, की ओल आत कोंडते, भिंतीला लोणा लागतो आणि पोपडे सुटतात. तळमजल्याच्या खोलीत भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत असे पोपडे दिसले आणि कुबट वास आला, तर ‘जुन्या इमारतीत असा वास यायचाच’ हे स्पष्टीकरण ऐकून घेऊ नये. खोली बदलून मागावी.

रातकिडा

दारांविषयीचा खुलासा पटला. बावीस धडाक्यांपैकी निम्मे मी माफ करतो.

वळकटी

गिलावा यांचे मनापासून आभार. त्यांचा प्रश्न जसाच्या तसा मी तिन्ही हॉस्टेलांना लिहून पाठवला. एका ठिकाणाहून उत्तरच आले नाही, ते नाव आम्ही यादीतून काढले. दुसरे ठिकाण पूर्वीची शाळा आहे. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी मात्र अगत्याने कळवले, की त्यांची इमारत गावाच्या तटबंदीच्या आत असलेले धान्याचे कोठार होती, आमची सहा खाटांची खोली तिसऱ्या मजल्यावर छपराच्या लगेच खाली आहे, लिफ्ट नाही, आणि ‘खिडकी लहान आहे, हे आधीच सांगते’. हे शेवटचे वाक्य वाचून मला त्या बाईंविषयी विश्वास वाटू लागला आहे. कोठाराबद्दल कोणी काही सांगू शकेल का?

गिलावा

कोठारात धान्याचा उंच ढीग करून चालत नाही. ढीग उंच झाला की आतले धान्य तापते आणि त्याला बुरशी येते, म्हणून ते पातळ थरात पसरून फावड्याने वरचेवर उलथे करावे लागे. त्यामुळे कोठाराला थोड्या उंचीचे पुष्कळ मजले लागतात आणि छपराखालच्या जागेतही एकावर एक दोन-तीन माळे असतात. हवा खेळावी म्हणून छपरात लहान लहान झरोक्यांच्या रांगा असतात. न्युर्नबर्गच्या त्या इमारतीच्या उतरत्या छपरावर त्या स्पष्ट दिसतात. तेव्हा खिडकी लहान असणार, तुळई डोक्याला लागेल इतकी खाली असणार आणि खोलीच्या मध्ये खांब असणार, हे धरून चाला.

आवाजाच्या बाबतीत तुमचे नशीब बरे आहे. गव्हाचा घनमीटर साधारण साडेसातशे किलो भरतो. म्हणजे अर्धा मीटर जाडीचा थर पसरला तरी प्रत्येक चौरस मीटरवर पावणेचारशे किलो भार होतो. आजचे राहते घर दीडशे ते दोनशे किलो धरून आखले जाते. अशा भारासाठी घातलेल्या तुळया सहा माणसे आणि त्यांच्या पिशव्या यांनी हलत नाहीत. जिना मात्र उभा असेल, कारण तो पोती वाहणाऱ्या माणसांसाठी होता. आणि जड पोती तर बहुधा बाहेरून दोर-कप्पीनेच वर घेतली जात. तुमच्या बॅगांसाठी ती कप्पी आता चालू नसावी.

उंबरठा

विषय निघालाच आहे तर एक प्रश्न विचारते. जुन्या तुरुंगांची जी हॉस्टेले झाली आहेत, तेथे राहणे आपल्याला योग्य वाटते का? ज्या कोठडीत कोणी शिक्षा भोगली, फाशीची वाट पाहिली, तेथे आपण हौसेने झोपायचे आणि गजांमागे उभे राहून छायाचित्रे काढायची, हे मला विचित्र वाटते. कोठारात झोपणे आणि कोठडीत झोपणे यांत फरक नाही का?

मुशाफिर

फरक आहे, आणि मला वाटते तो हॉस्टेल ती गोष्ट कशी सांगते यावर ठरतो. ओटावाचा जिल्हा तुरुंग १८६२ मध्ये सुरू झाला आणि १९७२ मध्ये बंद झाल्यावर पुढच्याच वर्षी तेथे हॉस्टेल आले. थॉमस डार्सी मगी या खासदाराच्या खुनासाठी पॅट्रिक व्हेलन याला १८६९ मध्ये तेथेच जाहीर फाशी देण्यात आली. तेथे जाणाऱ्याने हे जाणून जावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. भुताच्या गोष्टींचा बाजार मांडणे मला स्वतःला आवडत नाही.

स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना येथील मेटेलकोव्हा भागातल्या लष्करी तुरुंगाचे उदाहरण वेगळे आहे. ती जागा पाडली जाऊ नये म्हणून तरुण कलाकार आणि कार्यकर्ते झगडले आणि शेवटी २००३ मध्ये तेथे हॉस्टेल उघडले तेव्हा वीस कोठड्यांपैकी प्रत्येक कोठडी निरनिराळ्या कलाकारांनी आपल्या पद्धतीने सजवलेली होती. गज तसेच ठेवले आहेत, लपवलेले नाहीत. स्टॉकहोमच्या लाँगहोल्मेन बेटावरचा तुरुंग १९७५ मध्ये बंद झाला आणि १९८९ पासून तेथे हॉटेल व हॉस्टेल आहे. आवारात तुरुंगाचे संग्रहालयही आहे. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी जाऊ नये, पण ती इमारत पाडून तेथे वाहनतळ झाला असता तर तेथे काय घडले हे कोणाला आठवले असते, असाही विचार करून पाहावा.

उंबरठा

संग्रहालय असेल तर मीही जाईन. कोठडीत मात्र झोपणार नाही. याचे तर्कशुद्ध कारण माझ्याकडे नाही, आणि ते असलेच पाहिजे असेही मला वाटत नाही.

गिलावा

केवळ बांधकामाच्या अंगाने सांगायचे, तर एकोणिसाव्या शतकातल्या अनेक तुरुंगांत कैद्यांनी एकमेकांशी बोलूच नये असा हेतू होता. फिलाडेल्फियाच्या १८२९ च्या तुरुंगापासून ही पद्धत पुष्कळ देशांत पसरली, म्हणून कोठड्यांमधल्या भिंती विलक्षण जाड असतात आणि शेजाऱ्याचे घोरणे ऐकू येत नाही. परंतु पहारेकऱ्याला सर्व काही ऐकू यावे म्हणून मधला भाग तळापासून छपरापर्यंत मोकळा ठेवलेला असतो, त्यामुळे खाली पडलेला चमचाही चौथ्या मजल्यावर वाजतो. म्हणजे कोठडीचे दार बंद राहिले तर शांतता, उघडे राहिले तर बाजार.

किल्ली

मी दोन वर्षे अशाच एका जुन्या इमारतीतील हॉस्टेलच्या स्वागतकक्षात काम केले आहे, तेव्हा टेबलाच्या पलीकडून काही सांगते.

पाहुण्यांची सर्वाधिक नाराजी प्लग आणि स्नानगृह यांवर असते. संरक्षित इमारतीत भिंत खोदून तारा आत घालण्यास बहुधा परवानगी मिळत नाही, म्हणून त्या भिंतीवरून पट्टीतून न्याव्या लागतात आणि प्लग मोजकेच राहतात. पाण्याचे नळ आणि सांडपाण्याचे पाइप एकावर एक अशा एकाच ओळीत घेतले जातात, म्हणून स्नानगृहे प्रत्येक मजल्यावर एका कोपऱ्यात असतात आणि तुमची खोली दुसऱ्या टोकाला असली तर रात्री लांब चालावे लागते. ज्यांना रात्री उठावे लागते त्यांनी आरक्षण करताना संकोच न बाळगता ‘स्नानगृहाजवळची खोली आणि खालची खाट’ असे स्पष्ट लिहावे. आम्ही अशा विनंत्या लगेच नोंदवून ठेवत असू. येथे आल्यावर मागितले तर मात्र खाटा वाटून झालेल्या असतात.

जाड भिंतीत वाय-फाय पोहोचत नाही, याची तक्रार आम्ही रोज ऐकत असू आणि रोज तेच उत्तर देत असू, की जिन्याजवळ बसा. आरक्षणाचा कागद, दाराचा सांकेतिक क्रमांक आणि नकाशा दाराशी येण्यापूर्वीच फोनमध्ये उतरवून ठेवावा. जुन्या गाभ्यात वाहन दारापर्यंत येईलच असे नाही, आणि फरसबंदीवरून चाकांची बॅग ओढणे म्हणजे साऱ्या गल्लीला आपल्या आगमनाची वर्दी देणे. पाठीवरची पिशवी असेल तर उत्तम. जवळ घड्याळाचा मनोरा किंवा घंटा असलेले चर्च आहे का, हेही विचारावे, कारण काही घंटा रात्रभर दर पाव तासाला वाजतात आणि त्या बंद करणे आमच्या हातात नसते.

खाटेवर बसण्याआधी गादीची शिवण आणि खाटेचे सांधे मोबाइलच्या उजेडात पाहून घ्यावेत. काळे बारीक ठिपके दिसले, तर ते ढेकणांचे असतात आणि जुन्या लाकडाच्या फटी त्यांना फार आवडतात. सामान खाटेवर ठेवू नये. शेवटचे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पोहोचल्यावर संध्याकाळीच दुसऱ्या जिन्याने एकदा खाली उतरून पाहावे. जुन्या इमारतीत बाहेर पडण्याची दुसरी वाट बहुधा नंतर काढलेली असते आणि ती कपाटासारख्या दिसणाऱ्या दारामागे, अंगणात किंवा शेजारच्या गच्चीवर निघते. दोन वर्षांत ही वाट पाहायला मागणारे पाहुणे मला बोटांवर मोजण्याइतके भेटले.

वळकटी

प्रवास करून परत आलो. वचन दिल्याप्रमाणे वृत्तांत लिहिते.

शाळेतले हॉस्टेल गिलावा यांनी वर्णन केले होते तसेच निघाले. पहाटे पाचला खोली उजेडाने भरून जाई आणि डोळ्यांवरची पट्टी नसती तर आमचे काही खरे नव्हते. एक गोष्ट मात्र कोणीच सांगितली नव्हती: व्हरांड्यात कोट अडकवण्यासाठी लोखंडी आकडे ओळीने होते आणि ते सर्व माझ्या कमरेच्या उंचीवर होते. लहान मुलांचे आकडे! ते काढून वर लावण्याचा विचार कोणी केला नाही, आणि मोठी माणसे वाकून वाकून तेथे आपली जाकिटे अडकवत होती.

कोठारात चार रात्री राहिलो. जिना उभा होता आणि प्रत्येक पायरी मधोमध बशीसारखी झिजलेली होती, त्यामुळे पाऊल भिंतीच्या कडेने टाकावे लागे; दिवसातून दोनदाच उतरायचे असा नियम आम्ही पहिल्याच संध्याकाळी केला. किल्ली यांच्या सांगण्यावरून खालच्या खाटा आधीच मागितल्या होत्या आणि त्या मिळाल्या. दुसरी वाटही पाहून घेतली, ती खरोखरच कपाटासारख्या दारामागे होती आणि पलीकडे एका बेकरीच्या मागच्या अंगणात उतरत होती. पावलांचा आवाज अजिबात आला नाही. उकाड्याचे मात्र गिलावा यांनी सांगितले त्याहून अधिक झाले. दिवसभर तापलेले छप्पर मध्यरात्रीनंतरही निवत नसे आणि त्या लहान खिडकीतून वारा येण्याऐवजी चौकातली गाणीच वर येत. दुसऱ्या रात्रीपासून आम्ही ओला पंचा मानेखाली घेऊन झोपलो. पुन्हा गेलो तर वसंत ऋतूत जाऊ, भर उन्हाळ्यात नाही.

तुळईवर माझे डोके तीन वेळा आपटले, बहिणीचे एकदाही नाही. ती माझ्यापेक्षा चार बोटे बुटकी आहे आणि हे तिने मला चारही दिवस ऐकवले.

आमच्या दोघींच्या खाटांच्या मधोमध एक चौकोनी खांब होता, ओक लाकडाचा, दोन्ही हातांनी कवेत न मावणारा. दुसऱ्या दिवशी दुपारी झरोक्यातून तिरपे ऊन आले तेव्हा त्यावर कोरलेल्या रेघा दिसल्या: चार उभ्या आणि पाचवी आडवी, असे गट खालपासून छातीपर्यंत. स्वागतकक्षातल्या बाई म्हणाल्या, की त्या पोत्यांच्या मोजणीच्या असाव्यात, पण कोणी लिहून ठेवलेले नाही. मी बोटाने एक एक गट चाचपत एकशे पंधरापर्यंत आले आणि पुढच्या रेघा बहिणीने वाळत घातलेल्या टॉवेलाखाली गेल्या होत्या. ती झोपली होती, म्हणून टॉवेल काढला नाही.